थैलीत उतरून भरायची रीत

फार्महाऊसवाल्यांना शेकोटी म्हणायची लाज वाटते. ते 'बॉनफायर' म्हणतात आणि त्यासाठी लाकूड हवं म्हणून आमच्या टालीवर फोन करतात. लाकूड कसं हवं, तर सारख्या लांबीचं, साल न सुटलेलं आणि पांढऱ्या थैलीत नीट भरलेलं. ट्रॉलीतून आणून ओतलेलं लाकूड त्यांना गावंढळ दिसतं. एका बाईंनी मला विचारलं होतं, लाकडाला वास येतो का हो? मी म्हटलं, येतो, लाकडाचा. त्यांनी बहुतेक ते लिहून घेतलं, कारण पलीकडे बराच वेळ शांतता होती.

माझं माहेर धरमपेठेतलं. आमच्याकडे लाकूड म्हणजे फर्निचर. लग्न होऊन मी कामठी रोडवरच्या टालीच्या मालकाकडे आले तेव्हा मैत्रिणींनी नाकं मुरडली. टाल म्हणजे जळाऊ लाकडाची वखार, पण इकडे वखार कोणी म्हणत नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून टाल मी चालवते. बाभळीचा ओंडका वाळलाय की नाही हे मी वाजवून सांगते, आणि काट्यावर हात ठेवणाऱ्या केटररला दरवाजा दाखवते. हे काम मला चांगलं जमतं आणि ते सांगायला मी लाजत नाही. लाजायचं काम ज्यांचं आहे ते तरी कुठे लाजतात.

थैलीचं प्रकरण दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. एका रिसॉर्टवाल्याला लाकूड जंबो थैलीतच हवं होतं. खत, रेती वगैरे ज्यात येते ती ही थैली, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली, उभी केली तर माझ्या छातीपर्यंत येते. लाकडासाठीची जरा जाळीदार असते, म्हणजे आत हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. तोंडाशी चार कोपऱ्यांना चार पट्टे असतात. त्यांना आमच्याकडे कान म्हणतात. ओंडके उचलायची साखळी-पुली टालीवर आहेच. तिच्या आकड्यात चारही कान अडकवले की भरलेली थैली उचलून टेम्पोत ठेवता येते.

अडचण भरण्याची. रिकामी थैली उभी राहत नाही, दारू प्यायलेल्या माणसासारखी आपल्याच अंगात कोसळते. दोघांनी धरून तिसऱ्याने तुकडे टाकावेत, तर ते आडवेतिडवे पडतात, मध्ये पोकळ्या राहतात. वरून गच्च दिसणाऱ्या थैलीत तिसरा हिस्सा हवाच असते. इतर टालींवर अशाच भरतात. रिसॉर्टवाल्यांना काय कळतं? वरचे चार तुकडे बरे दिसले की त्यांचं समाधान होतं. पण थैलीच्या हिशेबाने लाकूड द्यायचं आणि आत हवा द्यायची, हे मला जमणार नव्हतं. तसं करणाऱ्यांना मी चोर म्हणते, आणि त्यांच्या तोंडावर म्हणते.

म्हणून मी रीत काढली. माणसाने थैलीत उतरायचं. आधी लांब, सरळ तुकडे चार कोपऱ्यांत उभे करायचे, म्हणजे थैली धरून राहते. मग स्टुलावरून आत उतरायचं आणि बाहेरचा माणूस देईल तसे तुकडे रचायचे. तिकोनी तुकडा एक सुलटा ठेवला तर त्याच्या शेजारचा उलटा, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतात. फटीत बारीक काड्या. एक थर झाला की त्यावर उभं राहून पुढचा थर. लाकूड वर येईल तसं माणूसही वर येतं. कानांच्या खाली चार बोटं थांबायचं आणि बाहेर लावलेल्या स्टुलावर पाय टाकून उतरायचं. अशी भरलेली थैली भिंतीसारखी उभी राहते. इतर टालींच्या थैलीत जेवढं लाकूड मावतं त्याच्या दीडपट आमच्या थैलीत मावायचं. पहिल्या थैलीचा फोटो मी माहेरच्या ग्रुपवर टाकला. ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांनी अंगठे पाठवले.

थैलीत उतरणारी होती मावशी. तिला सगळे मावशी म्हणतात, मीही, तशी ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहानच असेल. मूळची खाप्याची. तिथे तिच्या वडिलांचा खड्ड्यातला हातमाग होता आणि खड्ड्यात पाय सोडून बसायची सवय तिला लहानपणापासून. लग्न होऊन कामठीत आली, नवरा गेला, मुलाचं लग्न झालं. दीड खोलीचं घर आणि त्यात सून. मावशी एकदा म्हणाली होती, "घरी राहिली तर दिवसभर तिच्या पायात येतो मी. इथं निदान कोनाच्या पायात नाई." एवढं मोठं वाक्य ती वर्षातून एकदा बोलते. म्हणजे टाल ही तिची दिवसभर असण्याची जागा होती. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे वाजणाऱ्या बाईला दुसरी टाल उभं करणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पहिल्या दिवशी मी रीत समजावली तेव्हा तिने थैलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत जाऊ म्हनता?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि पदर खोचून उतरली.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. सकाळी मी हिशेब, फोन आणि लोकांचा मूर्खपणा यांत असे. दुपारी एकला स्कुटीवर घरी जेवायला जाई, अडीचला परत येई. आले की अंगणात मावशी थैलीत उभी दिसायची, कमरेच्या वर, हातात तुकडा. लाकूड फोडणारे काका तिला खालून तुकडे देत असायचे. ते दृश्य पाहून मला बरं वाटायचं. गिऱ्हाइकांनाही मी ते मुद्दाम दाखवायचे.

मग माझा धाकटा दीर पुण्याहून आला.

टालीत अर्धा हिस्सा त्याचा, हे कागदावर खरं आहे. बाकी त्याने लाकडाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पुण्यात एका कारखान्यात तो 'प्रोसेस' मध्ये होता. प्रोसेस म्हणजे काय, तर दुसरा माणूस काम करत असताना शेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि शेवटी त्याला सांगायचं की तू हळू आहेस. अशी पंचवीस वर्षं काढून त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली. नागपूरचा माणूस, पण 'आलोय', 'बघतोय', 'करूयात' असं बोलायला लागला होता. इकडे 'येऊन राहिलो' म्हणणाऱ्या घरात जन्मलेला माणूस 'आलोय' म्हणतो तेव्हा नव्या बुटांचा आवाज करत चालल्यासारखं वाटतं.

"वहिनी, आलोय तर थोडं सिस्टिममध्ये आणूयात," तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला.

"आणा ना भाऊजी," मी म्हटलं. "आधी चहा घ्या."

तो तीन दिवस अंगणात खुर्ची टाकून बसला आणि वहीत लिहीत राहिला. मावशी थैलीत कितीदा वाकते, काका कितीदा वळतात, स्टूल कितीदा हलवावं लागतं. एक माणूस आत, एक बाहेर, आणि दोघांचे मिळून किती हात वाया जातात, याचा त्याने तक्ता काढला. तक्त्यात मावशीच्या नावाऐवजी 'ऑपरेटर एक' लिहिलं होतं. मी तो तक्ता पाहिला आणि त्यावर भजी ठेवून त्यालाच खायला दिली.

चौथ्या दिवशी त्याने लोखंडी चौकट करून आणली. चार पाय, वर चार आकडे. थैलीचे कान आकड्यांना अडकवले की ती तोंड उघडं ठेवून लटकत राहते, कोणी धरायला नको. एका बाजूने पत्र्याची उतरती घसरण. तिच्यावर तुकडे लोटायचे, ते घसरत थैलीत पडतात. थैली अर्धी झाली की तिला दोन लाथा मारायच्या, म्हणजे आतले तुकडे बसतात. लाथांना तो 'व्हायब्रेशन' म्हणाला. मी हसले तेव्हा त्याचा चेहरा पडला, आणि मला ते आवडलं.

"भाऊजी, ही हवा भरून राहिले तुम्ही," मी म्हटलं. "आमची मावशी थैलीत उतरते. दोन वर्षं एक थैली अशी तशी गेली नाही. रीत आहे ती आमची."

"थैलीवर विकतो ना आपण? मग आत किती आहे हे कोण बघतंय?"

"मी बघते."

"वहिनी, तुमच्या दोन थैल्या होतात तोवर माझ्या पाच होतील. दोन तगडी माणसं पुरतील. मावशींची मग गरज नाही."

गरज नाही हे तो मावशी चार हातांवर झाडू मारत असताना म्हणाला. पुण्यात बहुतेक असंच बोलायची पद्धत असावी. मावशीचा झाडू थांबला नाही, पण त्याच जागेवर दोनदा फिरला.

मी पेटले. अर्धा हिस्सा त्याचा असेल, पण माझ्या टालीवर माझ्या बाईला गरज नाही म्हणणारा तो कोण? भांडण वाढलं, आणि शेवटी त्यानेच तोडगा काढला. मला तो नाकारता आला नाही, कारण हिशेब बरोबर होता. मावशीच्या थैलीत दीडपट लाकूड असतं हे त्याला मान्य होतं. म्हणजे त्याच्या तीन थैल्या आणि तिच्या दोन सारख्या. रविवारी सकाळी त्याची माणसं तीन थैल्या भरतील. तेवढ्या वेळात मावशीने दोन भरल्या तर ती राहणार आणि चौकट भंगारात जाणार. नाही भरल्या तर चौकट राहणार.

मी लगेच हो म्हटलं. मावशीला विचारायचं मला सुचलं नाही.

शनिवारी मी तिला समोर उभं करून सगळं समजावलं. कोपरे आधी, तिकोनी तुकडे उलटसुलट, काका तुकडे निवडून ठेवतील, हात थांबू द्यायचा नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, कशीबी भरली तर चालते का?"

"कशीबी नाही," मी म्हटलं. "आपल्या रीतीने. त्यालाही दिसू दे रीत म्हणजे काय असते."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी दीर पांढरे बूट घालून आला. लाकडाच्या टालीवर पांढरे बूट. गळ्यात घड्याळ लटकवलेलं, शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखं. त्याची दोन माणसं बांधकामाच्या प्लॉटवरून आणलेली, मानेवर रुमाल, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्यांना लाकडाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी घसरणीवर तुकडे लोटायला सुरुवात केली आणि अंगणभर पत्र्याचा आवाज झाला.

मावशीने कोपरे उभे केले, स्टुलावर चढली, आत उतरली. काका तुकडे द्यायला लागले. ती भराभर रचत होती, पण थैलीच्या तळाशी उकिडवं बसून, आपलेच पाय चुकवत, भिंतीला तुकडे लावणं हे काही भराभर होणारं काम नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एरवी मी यायचे तेव्हा ती वरच्या थरावर असायची. तळातली मावशी मी अशी नीट पाहिलीच नव्हती. आतून फक्त तिची धाप ऐकू येत होती आणि मधूनच एखादा गुडघा वाजायचा.

"कोपरा सुटला मावशी, डावा कोपरा," मी वरून सांगत होते. माझं काम एवढंच होतं आणि ते मी मन लावून केलं.

तिची पहिली थैली झाली तेव्हा त्यांची दुसरी संपत आली होती. थैलीला लाथा बसत होत्या आणि दीर प्रत्येक लाथेला मान डोलवत होता. मावशी दुसऱ्या थैलीत उतरली. घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. एकदा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पाणी हवं असेल. मी तांब्या पुढे केला, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

त्यांची तिसरी भरली. दिराने घड्याळ दाबलं. मावशीची दुसरी थैली अर्ध्याच्या जरा वर होती. ती तशीच आत उभी राहिली, हातात एक तुकडा. बाहेर यायला तिला स्टूल लागायचं, आणि स्टूल द्यायचं कोणालाच सुचलं नाही, कारण मी दिराशी बोलण्यात गुंतले होते. हवा, फसवणूक, माझ्या नवऱ्याचं नाव, सगळं काढलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, ठरलं ते ठरलं." ते खरं होतं. शेवटी काकांनी स्टूल सरकवलं. मावशीने नळावर हातपाय धुतले, डबा घेतला आणि गेली.

पुढचे तीन दिवस मी दिराशी एक शब्द बोलले नाही. मनात मात्र बोलत होते. हा पुण्याचा मूर्ख, याला लाकूड कळत नाही, माणूस कळत नाही, याला फक्त घड्याळ कळतं. माझी एवढी चांगली बाई याने घालवली. मला त्या रागात फार स्वच्छ वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

बुधवारी एका सावजी खानावळीची मागणी आली. जुनं गिऱ्हाईक. दोन थैल्या, आणि रचूनच पाहिजे म्हणाला, लाथा मारलेल्या नको. दीर बाहेर गेला होता. मी काकांना म्हटलं, काका, तुम्हीच उतरा आज थैलीत.

काका म्हणाले, "उतराचं काय काम आहे?"

त्यांनी रिकामी थैली घेतली आणि लाकडाच्या दोन उंच थप्प्यांच्या मधल्या बोळात नेली. तिथे ती आडवी पाडली, तोंड स्वतःकडे. दोन्ही थप्प्यांवर टेकेल असा एक बांबू घेतला आणि थैलीचे वरचे दोन कान त्यात ओवले, म्हणजे वरची बाजू खाली लोंबेना. मग पाय मोडलेल्या बुटक्या स्टुलावर बसले आणि कपाटात भांडी लावावीत तसे तुकडे लावायला लागले, मागच्या भिंतीपासून पुढे. हात पोहोचेल एवढ्यावर लाकूड, दोन्ही बाजूंना. द्यायला माणूस नको, वाकायला नको, चढायला नको. तोंडापर्यंत आले तशी त्यांनी थैलीच्या तोंडाला शिवलेली झालर बांधली, बांबू काढला आणि पुलीच्या आकड्यात चारही कान अडकवले. साखळी ओढली तशी थैली उचलताना आपोआप सरळ झाली आणि उभी राहिली. गच्च. मी हात लावून पाहिला, एक फट नव्हती. आणि वेळ रविवारच्या निम्म्याएवढाही लागला नव्हता.

"हे कुठून काढलं काका?"

"मी कुठून काढू? मावशी अशीच भरे ना."

"कधी?"

"तुमी जेवायले गेल्या की. पहिल्याच महिन्यापासून. मी तं फोडत राहो, मले काही लागेच नाही मधात."

मी तो बांबू हातात घेतला. त्यावर दोन ठिकाणी कान घासून घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"मग मी रोज अडीचला येते तेव्हा ती थैलीत उभी असते, ते काय असतं?"

काकांनी कुऱ्हाडीचं पातं अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, "भाऊ वही घेऊन बसले ते तीन दिवस तेवढी खरीच उतरली. बाकी तुमची स्कुटी गेटावर वाजे, तवा मावशी चढे. वरचा एक थर काढून ठेवे बाजूले, तुमच्यासाठी."

लाज वाटली असं लिहायला पाहिजे, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी मला राग आला, आणि तो मावशीचाच आला. दोन वर्षं या बाईने मला वेड्यात काढलं. मी लोकांना फोटो दाखवले, गिऱ्हाइकांना उभं करून रीत समजावली, आणि ही माझ्यासाठी एक थर बाजूला काढून ठेवते, लहान मुलाला गप्प बसवायला खाऊ ठेवावा तसा. जाब विचारायचा म्हणून मी स्कुटी काढली आणि कामठी गाठली.

ती दारातच बसली होती, भिंतीला चिकटून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील अशी. आत सून भांडी आपटत होती. मला पाहून मावशी उठायला लागली. मी बस म्हटलं आणि समोरच्या पायरीवर टेकले.

"रविवारी आडवी काहून नाही भरली?" माझ्या तोंडून तिचीच भाषा आली.

तिला आश्चर्य वाटलं नाही. काकांनी सांगितलं असेल हे ती समजली. "तुमी भाऊले सांगतलं होतं ना," ती म्हणाली, "आमची मावशी थैलीत उतरते म्हनून. मंग त्याह्यच्यासमोर तुमाले खोटं पाडू का?"

"तुझं काम गेलं त्यात."

"गेलं."

"मला आधी सांगायचं होतं. दोन वर्षं होती तुझ्याकडे."

"सांगनार होती मी, पहिल्याच दिवशी." तिने पदर सारखा केला. "तुमी फोटो काढून राहिल्या होत्या."

आतून सून म्हणाली, दारातून सरका जरा, पाणी टाकायचं आहे. मावशी लगेच उठली आणि मीही उठले. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो आणि सुनेने पाणी टाकलं. मावशी पाय जुळवून, अंग चोरून उभी होती. मी जाब विचारायला आले होते, आणि माझ्याकडे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. शनिवारी तिने विचारलं होतं, कशीबी भरली तर चालते का, आणि मी नाही म्हटलं होतं. काम तिचं दिराने घालवलं असं मी तीन दिवस घोकत होते.

परतताना स्कुटीवर एक विचार आला आणि तो मी बराच वेळ हाकलला नाही. दिराला सांगायचं की मी नवी रीत काढली, थैली आडवी पाडायची. तो मान्य करेल, मावशी परत येईल, आणि माझं नाकही वर राहील. मावशी काही बोलणार नाही, ती 'बरं' म्हणेल. ती 'बरं' म्हणेल याचीच मला खात्री होती, आणि त्या खात्रीने मला स्वतःचीच घाण वाटली. आयुष्यभर मी ज्यांना हसले त्या सगळ्यांपेक्षा माझी लायकी त्या क्षणी कमी होती.

टालीवर दीर आला होता. मी त्याला सरळ सांगितलं. रीत मावशीची आहे, दोन वर्षांची आहे, मला ती आजच कळली. बांबू दाखवला. काकांनी दुसरी थैली भरून दाखवली. त्याने घड्याळ लावलं, मग मध्येच बंद करून खिशात टाकलं. मला वाटलं आता हा हसेल, आणि हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

"वहिनी," तो म्हणाला, "मंग दोन वर्षं तुमी काय पाहून राहिल्या होत्या?"

त्याची पुण्याची भाषा कुठे गेली कोण जाणे. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.  थोड्या वेळाने त्याने आपली चौकट उचलली आणि तीही आडवी पाडून पाहिली. आकडे पुढे आले, चारही कान त्यात बसले, बांबूची गरज राहिली नाही. मग तो स्वतः कामठीला गेला आणि मावशीला घेऊन आला. तिला काय बोलला ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता मी जेवायला जायची वाट पाहायची नसते, म्हणून मावशी दिवसाला पूर्वीपेक्षा दुप्पट थैल्या भरते, आणि एकही थैली हवेची नसते. दिराने तिला पाठ टेकवायला फळी ठोकून दिली. मला विचारलं तर तो अजूनही मूर्खच आहे, पांढरे बूट घालतो, चहाला 'ब्रेक' म्हणतो. पण फळी कुठे ठोकायची हे त्याने तिला विचारलं आणि तिने बोट दाखवलं, हे मी खोलीतून पाहिलं.

पहिल्या आठवड्यात मी एकदा तिच्याजवळ गेले. मला फक्त बघायचं होतं. माझी चप्पल वाजली तसे तिचे हात थांबले. ती उठली आणि इकडेतिकडे स्टूल शोधायला लागली, उंचवालं.

"बस मावशी, बस. तुझं चालू दे," मी म्हटलं.

ती बसली. पण तुकडा मांडीवर धरून बसली, माझ्याकडे बघत, मला काय हवंय ते कळेपर्यंत. मी गेल्यावर काम पुन्हा सुरू झालं.

ऑफिसच्या खोलीत मी टेबल फिरवून घेतलं आहे. तोंड रस्त्याकडे, पाठ अंगणाकडे. मागून तुकडे लागत जाण्याचा आवाज येतो, एकसारखा. मी वळले की तो थांबतो, हे दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही.